रेकॉर्डला तुमचं ऐकू येत नाही

या वेळच्या पत्रांत एक गंमत झाली. पेटी, गिटार, तबला, बासरी, वाद्यं वेगवेगळी. पण निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीबद्दल. रेकॉर्ड लावून तिच्याबरोबर वाजवावं की नाही? म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवलेत. मी व्हायोलिन वाजवते आणि शिकवते, आणि मुळात कॅसेटवर वाढलेली आहे. त्यामुळे या विषयात मी काही तटस्थ नाही. जे थोडंफार कळलंय ते फजिती होऊन कळलंय.

प्रश्न : ताई, मी तीन वर्षांपासून पेटी शिकतो आहे. वय बावन्न. रोज तासभर जुनी गाणी लावून त्यांच्याबरोबर वाजवतो. गाणं चालू असताना छान जमतं, घरचे कौतुकही करतात. पण गाणं बंद करून तेच वाजवायला गेलो की दुसऱ्या ओळीलाच बोटं अडखळतात. माझी पद्धत चुकते आहे का?

चुकत नाही, अर्ध्यावर थांबते आहे.

गाण्याबरोबर वाजवताना बोटं चालवायचं काम तुमचं असतं, पण पुढचा सूर कोणता आणि तो कधी यायचा, हे लक्षात ठेवायचं काम गायक करत असतो. तुम्ही त्याच्या मागोमाग केसभर उशिरा जाता. उशीर इतका थोडा की कुणाला ऐकू येत नाही, तुम्हालाही नाही. गर्दीत पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत चालावं तसं. पोहोचता बरोबर, पण उद्या एकट्यानं जायचं म्हटलं की वळण आठवत नाही.

दुसरी गोष्ट कानाची. मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो, आणि दोन्ही एकाच सप्तकातले, एकाच सुरावरचे असले तर फारच झाकतो. गायकाचा गंधार आणि तुमचा गंधार एकाच जागी येतात. तुमचं बोट जरा लवकर उचललं गेलं, भाता मध्येच कमी पडला, दोन सुरांमध्ये फट राहिली, हे सगळं त्या आवाजाखाली जातं. आपण आपली पेटी ऐकतोय असं वाटतं. ऐकत असतो ती रेकॉर्ड.

खात्री करून घ्यायची असेल तर एवढं करा. गाणं हेडफोनवर लावा, एका कानाला, दुसरा कान मोकळा. दुसरा एखादा फोन पेटीसमोर ठेवून आवाज रेकॉर्ड करा. गाणं फक्त तुमच्या कानात, रेकॉर्डिंगमध्ये नुसती पेटी. मग ते ऐका. माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी हे एकदा करायला लावते. एकानं निम्म्यातच बंद करून मला सांगितलं होतं, "बाई, हे मी नाहीये." तोच होता.

आता उपाय. गाणं लावा, मुखडा दोनदा वाजवा आणि आवाजाचं बटण शून्यावर न्या. गाणं थांबवायचं नाही, फक्त आवाज बंद; ते तिकडे चालूच आहे. तुम्ही वाजवत राहा. चार आवर्तनं झाली की आवाज पुन्हा वर करा आणि बघा, तुम्ही कुठे आहात आणि गायक कुठे. पहिल्यांदा हसू येतं. सोळा मात्रांच्या तालात चार आवर्तनं म्हणजे ६४ मात्रा. तुम्ही फक्त २ टक्के घाई केलीत तरी सव्वा मात्रा पुढे गेलेले असता. बहुतेक जण पुढेच जातात. मागे राहणारा मला क्वचित भेटलाय. आधी एकाच आवर्तनानं सुरुवात करा, मग दोन, मग चार. पूर्ण अंतरा मुका वाजवून परत मुखड्यावर गायकाला गाठलंत की ते गाणं तुमचं झालं असं समजायला हरकत नाही.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अठरा-एकोणीस वर्षांची असताना मी एका गायिकेच्या साथीला बसले होते. जे भजन त्या गाणार होत्या ते मी कॅसेटबरोबर शंभरदा तरी वाजवलेलं. अंतऱ्याच्या आधी त्यांनी वरचा सा धरला, आणि धरूनच ठेवला. कॅसेटवर तिथं चार मात्रा झाल्या की अंतरा यायचा. माझा गज चार मात्रा मोजून अंतऱ्यात शिरला, एकटाच. तबलजींनी माझ्याकडे पाहिलं. ते हसले असते तर बरं वाटलं असतं. बाईंनी सूर सोडला, माझ्याजवळ येऊन मिळाल्या आणि पुढे सगळं सुरळीत झालं. समोरच्यांना काही कळलंही नसेल. चार वर्षांत ती कॅसेट माझ्यासाठी एकदाही थांबली नव्हती, आणि मीही कुणासाठी थांबायला शिकले नव्हते.

प्रश्न : जुन्या गाण्यांबरोबर पेटी वाजवायला घेतली की पट्टीच सापडत नाही. काळी एकला लावावं तर गाणं चढं वाटतं, पांढरी दोनला लावावं तर उतरलेलं. माझे कान खराब आहेत की पेटी?

दोन्ही ठीक असतील. तुमचं गाणं खरोखरच दोन पट्ट्यांच्या मध्ये बसलेलं आहे.

पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये १०० सेंटचं अंतर धरतात. रेकॉर्ड किंवा टेप ६ टक्के जलद चालली की सगळं गाणं एक अख्खी पट्टी वर चढतं; ३ टक्के जलद चालली की बरोबर अधेमधे लोंबकळतं. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या सगळ्या नेमक्या ७८ नं भरलेल्या नसत. ७६ नं भरलेली तबकडी ७८ नं वाजवली की सूर ४५ सेंट चढतो. त्या तबकडीवरून कुणी टेप केली, टेपवरून कुणी संगणकावर घेतली, आणि प्रत्येक यंत्राची चाल आपापली. शिवाय मूळ साज त्या दिवशी कशाला लावला होता हा प्रश्न वेगळाच. पांढरी सहाचा सूर सेकंदाला ४४० कंपनांचा, हे माप १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ठरलं खरं, पण सगळ्या जगानं दुसऱ्या दिवशी आपली वाद्यं उतरवून पुन्हा लावली असं काही झालं नाही.

आमच्या घरातल्या टेपरेकॉर्डरची चाल अशीच होती. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. आमची साधारण ४.९ नं पळत असावी, म्हणजे तीनेक टक्के जास्त. मी रोज कॅसेटवरच्या षड्जाला व्हायोलिन लावायची आणि शिकवणीला गेल्यावर चारही तारा उतरवायची. गुरुजी विचारायचे, रोज तारा एवढ्या चढतात कशा? मी म्हणायची, हवेमुळे. दोन वर्षं मी स्वतःही तेच समजत होते.

व्हायोलिनचं बरं, खुंट्या पिळल्या की काम झालं. बासरीवाल्यांना फुंकेचा कोन बदलून थोडी वरखाली करता येते. पेटीला मात्र काही करता येत नाही. स्केल चेंजर, म्हणजे सूरपट्ट्या सरकवायची सोय, असला तरी तो पट्टी पट्टीनंच सरकतो. म्हणून पेटीऐवजी गाणं हलवायचं. गाण्यात जिथं सा लांब धरलाय, बहुतेक वेळा मुखड्याच्या किंवा शेवटच्या ओळीच्या टोकाला, तिथं फोनवरचा ट्यूनर धरा. समजा, तो काळी एकच्या वर ३५ सेंट दाखवतोय. तर गाणं ३५ सेंट खाली आणायचं. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे जमतं, वाजवण्याच्या कितीतरी अॅपमध्येही. तिथं दोन पर्याय दिसतील: नुसता सूर बदलणं आणि वेग बदलणं. जुन्या ध्वनिमुद्रणाला मी वेग बदलते. कारण सूर मुळात वेगामुळेच चढला असण्याचा संभव असतो. ३५ सेंटला साधारण २ टक्के पुरतात. एका गाण्याला मी असं केलं तर गायकाचा आवाज एकदम भरदार झाला. इतकी वर्षं त्याचा आवाज किंचित चिरका आहे असा माझा समज होता.

ट्यूनर नसेल तर कान पुरे. जवळचा सूर पेटीवर धरून ठेवा आणि गाण्याचा सा येऊ द्या. दोन सूर जवळ आले पण एक झाले नाहीत की आवाज डुलतो. एक ४४० आणि दुसरा ४४२ असेल तर सेकंदाला दोनदा. जसजसे जवळ येतील तसं डुलणं संथ होत जातं, आणि जुळले की थांबतं.

एवढं सगळं जुळवूनही पेटीचा गंधार गायकाच्या गंधारापेक्षा जरा चढा वाटेल. तो असतोच चढा. पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर बसवलेला असतो, आणि तंबोऱ्यावर गाणाऱ्याचा नैसर्गिक गंधार ३८६च्या आसपास लागतो. त्या १४ सेंटसाठी गाणं पुन्हा हलवायला जाऊ नका, सा बिघडेल.

प्रश्न : इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड वाजवतो. नवीन ब्लूटूथ हेडफोन घेतल्यापासून गाण्याबरोबर माझी लय कायम मागे पडते.

तुमची नाही, हेडफोनची. ब्लूटूथवर आवाज आधी आवळून पाठवतात आणि तिकडे उलगडतात. त्यात सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग सहज जातो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याचा पाव भाग म्हणजे सेकंदाचा आठवा हिस्सा. बोट दाबल्यावर सूर तेवढा उशिरा कानात येत असेल तर कुणीही गोंधळेल. कीबोर्डला वायरचा हेडफोन लावा.

पण एक गैरसमज इथंच काढून टाकते, कारण दोन व्हायोलिनवाल्यांनीही हेच विचारलंय. वाद्य तुमच्या हातात प्रत्यक्ष वाजत असेल आणि ब्लूटूथवर फक्त गाणं असेल तर काहीच बिघडत नाही. गाणं सगळंच्या सगळं उशिरा येतं आणि तुम्ही जे ऐकू येतं त्याच्याबरोबर वाजवता. घोटाळा होतो तो नंतर तुमचं रेकॉर्डिंग मूळ गाण्यावर चढवताना. तेव्हा तुमचा ट्रॅक तेवढा आधी सुरू होईल असा ओढून घ्या.

प्रश्न : मी सोळा वर्षांचा आहे. गिटारवर एक सोलो बसवतोय. फारच फास्ट आहे म्हणून अर्ध्या स्पीडवर लावला, पण सगळं चिखलासारखं ऐकू येतं. आणि स्लोमध्ये येतं ते फुल स्पीडला अजिबात येत नाही. काय करू?

आधी जरा चिखलाबद्दल. पूर्वी गाणं हळू करायचं म्हणजे तबकडीच हळू फिरवायची. ३३⅓ फेऱ्यांची तबकडी १६⅔ वर लावली की वेग निम्मा आणि सूर बरोबर एक सप्तक खाली. कितीतरी वादकांनी असंच सप्तक खालचं ऐकून तुकडे उचलले. सूर खाली जायचा, पण प्रत्येक आघात शाबूत राहायचा. आता फोन वेग निम्मा करतो आणि सूर जागेवर ठेवतो. त्यासाठी त्याला आवाजाचे बारीक तुकडे करून ताणावे लागतात. लांब धरलेला सूर ताणला जातो, पण तार छेडल्याचा क्षण ताणला की पसरतो. तोच तुझा चिखल. ७० ते ७५ टक्क्यांपर्यंत फारसं बिघडत नाही. त्याच्या खाली फक्त ऐकण्यासाठी जा, बरोबर वाजवण्यासाठी नको.

मात्र ऐकायला जरूर जा. एका वादकाची चार सुरांची एक जागा मी वर्षानुवर्षं चुकीची वाजवत होते. सरळ प ग रे सा असं. पाव वेगावर ऐकल्यावर दिसलं की तो गंधारावर थेट येतच नाही. पंचमावरून घसरताना मध्यमाला कडेनं शिवतो, गंधाराच्या किंचित खाली जातो आणि मग वर चढून त्याच्यावर बसतो. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत. पूर्ण वेगात मला त्याची नुसती "गोडी" ऐकू यायची. तुझ्या सोलोतही तार ओढून सूर चढवलेला असेल तिथं हेच कर: ओढ कुठून सुरू होते, कुठं पोहोचते आणि परत येते का, ते ऐक.

आता तुझा खरा प्रश्न. हळू वाजवताना तू वेगळ्या हालचाली शिकतोयस. सावकाश वाजवताना बोटं उंच उचलायला वेळ असतो, पिक खालून परत वर आणायला वेळ असतो. पूर्ण वेगात तो नसतो, म्हणून अख्खी हालचालच बदलावी लागते. माझ्या गजाचं तसंच: अर्ध्या वेगात एका ओळीला दोन गज लागतात, पूर्ण वेगात एकच. दोन गजांनी घोटवलेली ओळ वेग वाढवला की कोलमडते, कारण गज वळायच्या जागाच खोट्या असतात. बासरीवाल्यांचं श्वासाच्या बाबतीत हेच होतं. म्हणून हळू वाजवतानाही हालचाल पूर्ण वेगातलीच ठेव, बोटं तारांना चिकटून, पिकचा झोका लहान.

आणि अख्खा सोलो रोज ७०, ७५, ८० असा चढवत नेऊ नकोस. कंटाळून जाशील आणि सोपा भाग विनाकारण शंभर वेळा वाजेल. अवघड दोन मापं (बार) निवड, पूर्ण वेग लाव, आणि त्यातले फक्त पहिले पाच सूर वाजवून थांब. मग पाचऐवजी सात. वेग तोच, तुकडा वाढत जातो. माझ्या अनुभवात हे जास्त लवकर बसतं, जरी पुस्तकांत बहुधा उलटं लिहिलेलं असतं. तुकडा लूपवर टाकशील तेव्हा एक ठोका आधीपासून सुरू कर आणि एक ठोका पुढे संपव. नाहीतर तुकडे सगळे येतात आणि सांधे एकही येत नाही.

प्रश्न : मेट्रोनोम चांगला की गाणं? जुन्या गाण्याला मेट्रोनोम जुळवून पाहिला तर मिनिटाभरात दोघे वेगळे होतात. इतके मोठे वादक लयीत कच्चे होते?

नाही हो. तेव्हा कानात टिकटिक लावून ध्वनिमुद्रण करत नसत. सगळे एकत्र बसून वाजवत. अंतऱ्याला लय जराशी चढे, शेवटी सैल होई, आणि चढताना सगळे एकत्र चढत. मेट्रोनोम तुम्हाला ठोका कुठे आहे ते सांगतो, दोन ठोक्यांच्या मध्ये काय करायचं ते सांगत नाही. ते गाणंच सांगतं. मी दोन्ही वापरते, पण एकाच वेळी कधीच नाही.

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची आहे, तबला शिकते. अॅपवर लेहरा (साथीची धून) लावून रियाज करते. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हेडफोन दिला, तर गुरुजी रागावले. मला संगीतातलं काही कळत नाही. काय करावं?

शेजाऱ्यांना तबला ऐकू जाणारच की. हेडफोननं त्यांचा फक्त लेहरा वाचला! गुरुजींचं बरोबर आहे.

कान पूर्ण झाकणारा हेडफोन लावला की मुलीला स्वतःचा तबला दबका ऐकू येतो. मग ती जोरात मारते. मग लेहरा कमी ऐकू येतो म्हणून तो वाढवते. दोन्ही चढत जातात आणि हातात नाजूक बोल राहत नाहीत. कानाचंही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल ही मर्यादा धरली आहे, मोठ्यांसाठी ८०. आवाज दर ३ डेसिबलनं वाढला की वेळ निम्मा होतो. ८१ डेसिबलला मुलांचे १० तासच उरतात, त्यात घरातला बाकीचा आवाज वेगळा.

छोटा स्पीकर तिच्या समोर, कानाच्या उंचीवर ठेवा. खाली जमिनीवर नको, डग्ग्याच्या आवाजात बुडतो. लेहरा इतकाच मोठा हवा की ती भरून वाजवत असताना जेमतेम ऐकू यावा. तो ऐकू येईनासा झाला तर लेहरा वाढवायचा नाही, हात हलका करायचा.

संगीतातलं कळत नसलं तरी एक मदत तुम्ही करू शकता, आणि ती गुरुजींपेक्षा तुम्हालाच सोपी आहे. लेहरा म्हणजे एकच धून तालाच्या प्रत्येक आवर्तनाला पुन्हा पुन्हा येते; त्रितालात सोळा मात्रांची. ती धून ऐकून आपण कितव्या मात्रेवर आहोत हे कळावं, त्यासाठीच ती असते. पण मुलं आपले बोल मोजतात आणि लेहऱ्याकडे लक्षच देत नाहीत. तुम्ही मधेच, कधीही, लेहरा बंद करा आणि विचारा, "आता कितवी?" बरोबर की चूक हे तुम्हाला कळलं नाही तरी चालेल. ती किती वेळ विचार करते ते बघा.

प्रश्न : बासरी वाजवतो. मूळ गाण्याबरोबर वाजवावं की गायन काढून टाकलेल्या ट्रॅकबरोबर?

आधी मूळ, मग रिकामा ट्रॅक, मग पुन्हा मूळ.

रिकाम्या ट्रॅकची कल्पना नवी नाही. एक वाद्य मुद्दाम वगळलेल्या तबकड्या काढणारी म्युझिक मायनस वन ही कंपनी १९५० मध्ये सुरू झाली, आणि जॅझ शिकणाऱ्यांसाठी जेमी एबरसोल्ड यांनी १९६७ पासून तसे संच काढले. एबरसोल्ड यांच्या तबकड्यांत मला आवडते ती एक साधी युक्ती: एका बाजूच्या स्पीकरला बास, दुसऱ्या बाजूला पियानो. तुम्ही पियानोवाले असाल तर बॅलन्सचं बटण फिरवून त्यांचा पियानो घालवायचा आणि तिथं आपला बसवायचा. आता तर कुठल्याही गाण्यातून आवाज वेगळा काढून देणारी सॉफ्टवेअर आहेत. डीझर कंपनीनं २०१९ मध्ये स्प्लीटर हे असं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केल्यावर हे घरोघरी झालं. फक्त नीट ऐका, काढलेल्या गायकाची पुसटशी सावली मागे राहते. त्या सावलीला धरून वाजवलंत तर तो रिकामा ट्रॅक रिकामा नाही.

मूळ गाण्यातून घ्यायचं ते वजन: कुठला शब्द दाबलाय, कुठला सूर अर्ध्यात सोडलाय. रिकाम्या ट्रॅकवर कळतं की त्यातलं आपल्याकडे काय उतरलं. आणि नंतर पुन्हा मूळ ऐकलं की जे ऐकूच आलं नव्हतं ते ऐकू येतं. ही तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात.

बासरीपुरतं एक: थंड बासरीवर ट्रॅक जुळवू नका. आत फुंकेची ऊब जाते तशी ती चढते, एका अंशाला साधारण ३ सेंट. पाचेक मिनिटं वाजवून घ्या आणि मग पट्टी बघा.

प्रश्न : बाई, वय एकाहत्तर. साठीनंतर व्हायोलिन हातात घेतलं. मला कुठे कार्यक्रम करायचा नाही, कुणाच्या साथीला बसायचं नाही. संध्याकाळी एक जुनी रेकॉर्ड लावतो आणि तिच्याबरोबर वाजवतो. बेसूर होत असेनही. हे असंच चालू ठेवलं तर काही बिघडतं का?

काहीही बिघडत नाही. वर लिहिलेलं सगळं तुम्ही सोडून दिलंत तरी चालेल. फक्त एक गोष्ट, तीही जमली तर. रेकॉर्डचा आवाज इतका ठेवा की व्हायोलिन तुमचं तुम्हाला ऐकू यावं. बेसूर असलं तरी ते तुमचं आहे, ते झाकू नका.

मीही अजून संध्याकाळी हेच करते. कॅसेट केव्हाच गेली, आता फोनवर. तेच भजन आहे, वेग २ टक्के कमी करून ठेवलेलं. अंतऱ्याच्या आधी गायिका श्वास घेते, तो रेकॉर्डवर बारीक ऐकू येतो. लहानपणी तो मला कधीच ऐकू आला नव्हता. आता तिथं मी गज उचलून धरते.